घरी कोण राहिलं? : सर्वांच्या रंगोत्सवासाठी एक प्रस्तावना

दिवाळी सरते, भाऊबीज होते, हलका धान कापून घरी येतो आणि पूर्व विदर्भात मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा गावात दुकानं लागतात, पाहुणे येतात. रात्री दंडार, खडीगंमत हे लोकनाट्यप्रकार किंवा नाटक. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या धानाच्या मुलखाला आपण झाडीपट्टी म्हणतो. या मुलखात रात्री जागवणारी ही रंगभूमी मंडईपासून थेट होळीपर्यंत चालते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं मुख्य ठाणं. हंगामाच्या तोंडावर तिथे नाट्यकंपन्यांची कार्यालयं गजबजतात. गावोगावची मंडळं तिथे जातात, नाटक निवडतात, तारीख पक्की करतात, करार करतात. मग गावात मंडप पडतो, तिकिटं खपतात, आणि रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत रंगतं.

हा व्यवहार महाराष्ट्रात दुसरीकडे सहसा दिसत नाही. प्रेक्षागृह नाही, सहसा कायमचा रंगमंच नाही, शहरातल्यासारखी जाहिरात नाही; तरी हजारो माणसं तिकीट काढून संगीत नाटकाला बसतात. जमिनीवर ताडपत्री, तिच्याखाली तणस, अंगावर घोंगडी किंवा रजई. झाडीपट्टीच्या नाटकाला माणूस एकटा जात नाही, घरच्या घर जातं. लेकीला माहेरी बोलावलं जातं, सोयऱ्यांना निरोप जातो. लग्नाच्या सोयरिकी या दिवसांत जुळतात. नाटकातून उरलेला पैसा मंडळं अनेकदा गावाच्याच एखाद्या कामाला लावतात. म्हणून या रंगभूमीचा अभिमान बाळगताना आपण एक वाक्य सहज बोलतो : आमच्या नाटकाला सगळं गाव येतं.

पुढची पुस्तिका या एका वाक्याची कसोटी घेण्यासाठी आहे. सगळं गाव येतं, हे आपण मंडपातली गर्दी पाहून म्हणतो. जे आलेच नाहीत ते त्या गर्दीत दिसत नाहीत, म्हणून ते मोजलेही जात नाहीत. उत्सव सर्वांचा करायचा असेल तर मंडपात किती जण आले हे विचारण्याआधी घरी कोण राहिलं आणि का राहिलं, हे विचारायला हवं. माझ्या मते हा सगळा विषय या प्रश्नात आहे. बाकीच्या सूचना, मापं, कायदे आणि खर्चाचे हिशेब त्याच्या उत्तरातून निघतात.

मुर्री हे गोंदिया शहराजवळचं गाव. इथल्या माणसाला शहरातलं सभागृह जवळ आणि आसपासच्या खेड्यांतली मंडईही जवळ. सभागृहाच्या पायऱ्या आणि धानाच्या बांधीतली, म्हणजे शेतातली, धसकटं, दोन्ही अडथळे या एका गावातल्या माणसाच्या वाट्याला येतात. गावोगावच्या मंडळांसाठी असलेल्या या पुस्तिकेचा विचार मुर्रीसारख्या गावापासून सुरू करणं म्हणूनच योग्य आहे. इथे जे जमेल ते शहराला जमेल आणि आतल्या गावांनाही.

घरी राहिलेल्यांची यादी करून पाहा. तीनचाकी सायकलवर फिरणारा तरुण, कारण सडकेपासून मंडपापर्यंतची वाट शेतातून जाते. नजर गेलेली आजी, कारण सोबत कोणी बसून सांगणारं नाही. ऐकू न येणारी मुलगी, कारण सहा तास नुसते हलणारे ओठ पाहून काय करायचं? गतिमंद मुलाची आई, कारण मुलगा मध्येच ओरडला तर लोक मागे वळून पाहतात. अंगावर पिणारं बाळ असलेली बाई, गुडघे धरलेले आजोबा, मासिक पाळीत असलेली पोर, कारण रात्रभरात जायला जागा नाही. तिकिटाचे पैसे आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी यांचा मेळ न बसणारं कुटुंब. यांतल्या कोणालाच नाटक नको आहे असं नाही. प्रत्येकाला घरी ठेवणारी गोष्ट त्याच्या शरीरापेक्षा आपल्या व्यवस्थेत जास्त आहे. वाट सपाट झाली की तीनचाकीवाला तरुण इतरांसारखाच प्रेक्षक होतो. त्याच्या पायात काही बदललेलं नसतं, वाट तेवढी बदललेली असते.

कायद्याने ही गोष्ट मान्य केली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर भारताने २००७ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्या कराराचं तिसावं कलम सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याच्या हक्काविषयी आहे. त्या करारातून आपला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला. जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात एकवीस आहेत. त्याचं एकोणतिसावं कलम संस्कृती आणि करमणुकीसाठी आहे. कला दिव्यांग व्यक्तींपर्यंत पोचावी आणि दिव्यांग कलावंतांना पाठबळ मिळावं, ही जबाबदारी ते शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकतं. स्थानिक संस्था म्हणजे आपली ग्रामपंचायतसुद्धा. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत.

तरीही धानाच्या बांधीत एका रात्रीपुरता उभा राहणारा मंडप तपासायला कोणी अधिकारी येणार नाही. तिथे कायद्याचा हात पोचतो तो मंडळाच्या इच्छेतून. म्हणून ही पुस्तिका मंडळांशी बोलते आणि त्यांच्याकडे आधीपासून जे आहे त्यातूनच बोलते.

आपल्या भागापुरता सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा सिकलसेलचा आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात या रक्तदोषाने अनेक घरं पोळली आहेत. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल आजाराचा समावेश दिव्यांगत्वात केला. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदवल्या, पण त्या जनगणनेच्या यादीत सिकलसेलचं नाव नव्हतं. म्हणजे आपल्या गावातला हा गट तेव्हा मोजलाच गेला नाही. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. तपासण्या आणि औषधं यांची चर्चा त्यामुळे होते. मंडईच्या रात्रीची होत नाही.

ती व्हायला हवी. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं आणि अतिश्रम यांनी असा झटका येऊ शकतो. आता आपलं नाटक आठवा. मार्गशीर्ष-पौषातली रात्र, उघडं शेत, दव, जागरण, आणि लघवीला जायला जागा नाही म्हणून पाणी न पिता बसलेल्या बाया. या आजाराच्या माणसाला टाळायला सांगितलेलं सगळं इथे एकत्र असतं. म्हणून ज्या घरात हा आजार आहे त्या घरातलं पोर नाटकाला जात नाही, गेलं तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात असू शकतं. यावर उपाय महाग नाहीत. मंडपाच्या एका बाजूला तिन्हीकडून कनातीने बंद केलेली, वारा न लागणारी जागा. तिथे जाड सतरंज्या, आडवं होता येईल इतकी मोकळीक, कोमट पाणी. शेकोटी असली तर तणशीपासून आणि मंडपापासून लांब, तिच्यावर लक्ष ठेवणारा माणूस नेमून. गावातल्या आशाताईंना त्या रात्री मंडपात मानाने बोलवावं आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक प्रवेशद्वाराशी लिहून ठेवावा. ही सोय सिकलसेलच्या रुग्णासाठी केली तरी तिचा आधार तान्ही बाळं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाया सगळ्यांना होईल.

वाटेचा प्रश्न त्यानंतरचा. मंडप कुठे टाकायचा हे ठरवताना आपण जागेचा आकार पाहतो, सडकेपासूनचं अंतर पाहत नाही. शाळेचं पटांगण मिळत असेल तर ते बांधीपेक्षा बरं. बांधीच घ्यायची असेल तर सडकेपासून बैठकीपर्यंत एक पट्टा धसकटं काढून, माती दाबून, चाकांच्या दोन खुर्च्या शेजारून जातील इतका रुंद करावा. धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडायचा असेल तिथे उतार करावा. उताराचं मान्य प्रमाण बारास एक आहे, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. फूटभर धुऱ्यासाठी हे सहज जमतं. चार फूट उंच रंगमंचासाठी मात्र अठ्ठेचाळीस फुटांचा उतार लागतो. म्हणून ज्या मंडळाला चाकांच्या खुर्चीतल्या कलावंताला किंवा सत्कारमूर्तीला मंचावर न्यायचं आहे, त्याने मंचाची उंचीच आधी ठरवावी. ऐनवेळी चार जणांनी खुर्ची उचलून वर नेणं हा उपाय नव्हे. माणसाला ओझ्यासारखं सर्वांदेखत उचलण्यात त्याचा मान जातो आणि पडण्याची भीती असते ती वेगळीच.

बैठकीत चाकांच्या खुर्चीसाठी जागा राखताना ती मंडपाच्या टोकाला राखू नये. तो तरुण आपल्या मित्रांबरोबर आलेला असतो, त्याला त्यांच्याच शेजारी बसायचं असतं. जमिनीवर बसता न येणाऱ्यांसाठी खुर्च्यांची एखादी रांग असावी आणि तिला जास्त दराचं तिकीट नसावं. गुडघे दुखणं हा शौक नाही.  

दृष्टिबाधित प्रेक्षकांच्या बाबतीत झाडीपट्टीकडे एक मोठं धन आहे, ते आपण अजून वापरलेलं नाही. आपल्या रंगभूमीवर प्रॉम्प्टर असतो. त्याच्यासमोर संपूर्ण संहिता असते, कोण कुठून येणार, पडदा कधी पडणार, मारामारी कुठे आणि नाच कुठे, हे त्याला तोंडपाठ असतं. संवाद आणि पदं तर ध्वनिवर्धकावरून ऐकू येतातच. अंध प्रेक्षकाचं सुटतं ते संवादांच्या मधलं. खलनायकाने मागून सुरी काढली, नायिकेने पत्र फाडलं, विनोदी नटाने धोतर सावरलं. सगळा मंडप हसतो आणि एकटा माणूस शेजाऱ्याला विचारतो, काय झालं? संहिता वाचलेला, स्पष्ट आवाजाचा एक गावकरी सहा-सात दृष्टिबाधित प्रेक्षकांसोबत बसला आणि संवादांच्या फटीत दोन-दोन वाक्यांत सांगत राहिला, तर ही उणीव भरून निघते. शहरात काही ठिकाणी यासाठी कानात घालायची यंत्रं वापरतात. आपल्याकडे एक दिवस आधी कंपनीकडून मागून घेतलेली संहिता आणि तयारी केलेली शाळेतली एखादी शिक्षिका पुरेल. नाटक सुरू होण्याआधी या प्रेक्षकांना मंचावर नेऊन पडदा, सिंहासन, तलवार, मुकुट हाताने पाहू द्यावं. पात्रांचे आवाज ओळखीचे करून द्यावेत. पुढची पूर्ण रात्र त्यांच्यासाठी बदलून जाते.

ऐकू न येणाऱ्यांचं काम अधिक कठीण आहे आणि ते कठीण आहे हे मोकळेपणाने मानलं पाहिजे. भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालं, दुभाषे तयार होऊ लागले. पण खेड्यातल्या कितीतरी कर्णबधिर मुलांपर्यंत ती भाषाच पोचलेली नाही. त्यांचे हातवारे घरापुरते असतात. त्यामुळे दुभाषा आणला की काम झालं असं होत नाही. गावात आधी जाऊन विचारावं लागतं : तू शाळेत गेलीस का, वाचतेस का, खुणांची भाषा येते का? वाचणाऱ्यांसाठी प्रवेशाप्रवेशाची गोष्ट दोन पानांत, मोठ्या अक्षरांत लिहून आदल्या दिवशी द्यावी. न वाचणाऱ्यांसाठी घरच्या माणसाला ती गोष्ट आधी समजावून सांगावी. जागा पुढची द्यावी, कारण ओठ आणि चेहरा दिसला पाहिजे. प्रकाशयोजना करणाऱ्याला सांगावं की भावनेच्या क्षणी दिवे मंद करताना नटाचं तोंड अंधारात जाऊ देऊ नकोस. दुभाषा मिळाला तर त्याला मंचाच्या कडेला, उजेडात, नटांसोबत एकाच नजरेत दिसेल असं उभं करावं, कोपऱ्यात लपवू नये.

एका बाबतीत मात्र झाडीपट्टी जगाच्या पुढे आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या नाट्यगृहांत स्वमग्न किंवा गतिमंद मुलांच्या कुटुंबांसाठी आता खास प्रयोग ठेवतात. त्यात प्रेक्षकांनी मध्येच उठलं, बोललं, फिरून आलं तरी चालतं, दिवे पूर्ण घालवत नाहीत, आवाज कमी ठेवतात. आपल्या मंडपात पोरं मध्येच झोपतात, उठतात, माणसं चहाला जाऊन येतात, म्हातारी शेजारणीशी बोलते आणि नटाला त्याचं काही वाटत नाही. बंद नाट्यगृहाने जी शिस्त लोकांवर लादली ती इथे कधी आलीच नाही. गतिमंद मुलाच्या आईला हव्या त्या मोकळिकीचा पाया आपल्याकडे आहे. त्याला दोन गोष्टी जोडायच्या आहेत. कर्ण्यांचा आवाज कानठळ्या बसवणारा नसावा आणि कर्ण्यापासून लांब एक शांत कोपरा असावा. आणि नाटक सुरू होण्याआधी मंडळाच्या अध्यक्षांनी माइकवरून सांगावं की आज आपल्यात सगळ्या प्रकारची लेकरं आली आहेत, कोणी आवाज केला तर मागे वळून पाहू नका. अध्यक्षांच्या तोंडून आलेल्या या दोन वाक्यांनी त्या आईचा निम्मा भार उतरतो.

बायांच्या सोयीचं प्रकरण पुस्तिकेत सर्वांत लांब आहे आणि ते तसंच असायला हवं. रात्रभराच्या उत्सवात स्वच्छतागृह नसणं म्हणजे अर्ध्या गावाला अर्ध्या रात्री घरी पाठवणं. फिरती स्वच्छतागृहं मिळत नसतील तर शाळेची उघडी ठेवावीत, वाटेवर दिवा असावा, पाणी असावं, लक्ष ठेवायला बाईच असावी. एसटी स्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष झाले. मंडपातही कनातीचा एक हिरकणी कक्ष उभा राहू शकतो. तृतीयपंथी प्रेक्षकांना बायांच्या बाजूला बसा की पुरुषांच्या, यावरून दारात अडवलं जाऊ नये. जातीवरून कोण पुढे आणि कोण मागे, हा जुना हिशेब अजून कुठे शिल्लक असेल तर तिथे उतार बांधण्याआधी तो पुसावा. एका माणसाला वाट करून द्यायची आणि दुसऱ्याला मागे बसवायचं, हे सर्वांचा उत्सव म्हणून चालणार नाही.

भाषेचा अडसरही खराच आहे. गोंदिया जिल्ह्याच्या एका बाजूला मध्य प्रदेश आणि दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. घराघरांत झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी बोलली जाते. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेत वेगवेगळ्या राज्यांतले गोंड भाविक जमतात. नाटकाचं आमंत्रण आणि मंडपातल्या सूचना मात्र पुस्तकी मराठीत असतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचा आणि इथल्या लोकरंगभूमीचा अभ्यास उभा केला, त्यामुळे ही बोली लाजायची नव्हे हे आपल्याला कळलं. मग घोषणाही तिच्यातून का होऊ नयेत? गोंडी बोलणारा एखादा कार्यकर्ता दाराशी असला, तर टोल्यावरून, म्हणजे लहान वस्तीवरून, आलेल्या आजीला आपण परक्या ठिकाणी आलो असं वाटणार नाही.

इथवर प्रेक्षकांविषयी झालं. मंचावर कोण आहे, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. झाडीपट्टीने सामान्य घरांतून मोठे नट घडवले. गडचिरोली जिल्ह्यातले डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव देशभर गेलं. शेतात राबणारा माणूस नट होऊ शकतो हे ज्या रंगभूमीने सिद्ध केलं, तिला दिव्यांग नट अशक्य वाटू नये. आपल्या शेजारीच वरोऱ्याच्या आनंदवनात स्वरानंदवन या वाद्यवृंदाने कुष्ठमुक्त आणि दिव्यांग कलावंतांना मंचावर उभं केलं. स्वागत थोरात यांनी कालिदासाच्या मेघदूतावर आधारलेलं ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक दृष्टिबाधित कलावंतांना घेऊन रंगभूमीवर आणलं. २००८ मध्ये त्यांनीच ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या नाट्यस्पर्धांमध्ये दिव्यांग बालनाट्य स्पर्धाही होते. अशा वेगळ्या स्पर्धेने मुलांना पहिला मंच मिळतो, म्हणून ती मोलाची आहे. पण तिथे चमकलेल्या मुलाला पुढे गावच्या नाटकात भूमिका मिळाली नाही तर ती वाट मधेच संपते. वेगळा मंच ही सुरुवात आहे. सर्वांबरोबर एकाच मंचावर, एकाच मानधनावर उभं राहणं, इथवर पोचायचं आहे.

नाटकाच्या संहितेतही पाहायला हवं. तोतरा नोकर, बहिरा म्हातारा, लंगडा भिकारी, खुळा भाऊ. हशा मिळवण्यासाठी ही पात्रं कितीतरी नाटकांत येतात. तसाच तोतरा मुलगा मंडपात बसलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला त्याच पात्राच्या नावाने हाक मारली जाते. निपुण मल्होत्रा यांनी दाखल केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये चित्रपटांतल्या दिव्यांगांच्या चित्रणाविषयी मार्गदर्शन केलं. दिव्यांगत्वाविषयी समज वाढवणारा विनोद आणि दिव्यांग माणसाला हीन ठरवणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला. आपल्या लेखकांनी आणि विनोदी नटांनी हा फरक मनावर घ्यावा. झाडीपट्टीचा विनोदी नट ऐनवेळी गावातलं ताजं प्रकरण धरून हसवतो, एवढी त्याची ताकद आहे. त्याला कोणाच्या पायावर किंवा जिभेवर हसण्याची गरज नाही.

बाहेर या दिशेने बरंच घडतं आहे. लंडनची ग्रेआय ही नाट्यसंस्था १९८० पासून दिव्यांग कलावंतांना घेऊन काम करते. खुणांची भाषा आणि दृश्यवर्णन यांना ती नाटकाला मागाहून जोडलेली सोय मानत नाही, नाटक बसवतानाच त्यांना रचनेचा भाग करते. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट झाला, दिव्यांग व्यक्तींसाठी आणि त्यांच्या सहभागाने झालेला एवढा मोठा उत्सव आपल्याकडे नवा होता. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी श्रवण आणि दृष्टिबाधित प्रेक्षकांच्या सोयींची मार्गदर्शक तत्त्वं काढली. या ठिकाणी सरकार, निधी, प्रशिक्षित माणसं होती. आपल्या मंडळांकडे तेवढं नाही. पण त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट आपल्याकडे आहे : तिकीट विकायला आपण घरोघरी जातो. शहरातल्या आयोजकाला आपला प्रेक्षक कोण हे माहीत नसतं. मंडळाच्या कार्यकर्त्याला प्रत्येक घरात कोण आहे, कोणाचा पाय मोडला आहे, कोणाची नजर गेली आहे, कोणाच्या पोराला सिकलसेल आहे हे ठाऊक असतं. पाहणी करायला वेगळी संस्था लागत नाही. तिकीट देतानाच विचारायचं : तुमच्या घरचं कोण येत नाही, आणि काय केलं तर येईल? उत्तर एका वहीत लिहायचं, आणि ते चारचौघांत वाचायचं नाही, कारण आजार ही त्या घराची खासगी गोष्ट आहे.

आक्षेप येतील, ते अडवू नयेत. खर्च वाढेल, असं खजिनदार म्हणतील. थोडा वाढेल. सोबतीला येणाऱ्या मदतनिसाचं तिकीट माफ केलं तर तेवढं उत्पन्न कमी होईल. पण त्या मदतनिसाबरोबर आधी न येणारा प्रेक्षक येईल आणि त्याच्यासोबत त्याचं कुटुंबही रात्रभर बसेल. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गावच्या कायम रंगमंचाला उतार किंवा शाळेच्या स्वच्छतागृहात आधाराचा दांडा हवा असेल तर ग्रामसभेत तो विषय मांडावा. दोन-तीन माणसांसाठी एवढं कशाला, असंही कोणी म्हणेल. आज दोन-तीनच दिसतात, कारण बाकीच्यांनी विचारणंच सोडून दिलं आहे. आणि त्यांना रात्रीचं कशाला त्रास द्यायचा, ते घरीच बरे, असं मायेने म्हणणारेही भेटतील. त्या मायेला नम्रपणे सांगावं की निर्णय त्यांना घेऊ द्या. नाटक आवडलं नाही तर ते मध्यरात्री उठून जातील, जसे आपण जातो. न आवडलेलं नाटक सोडून जाणं हाही प्रेक्षकाचाच हक्क आहे.

पुस्तिका वाचताना एक क्रम पाळावा असं मी सुचवेन. सगळं एकाच हंगामात करायला जाऊ नये. पहिल्या वर्षी वाट, बैठक, पाणी आणि स्वच्छतागृह. दुसऱ्या वर्षी दृष्टिबाधितांसाठी सांगणारा माणूस आणि कर्णबधिरांसाठी लिहिलेली गोष्ट. तिसऱ्या वर्षी कंपनीशी करार करतानाच संहितेतल्या विनोदाविषयी बोलणं आणि गावातल्या दिव्यांग कलावंताला मंचावर जागा मागणं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी साहित्याची यादी आहे, ती गावात मिळणाऱ्या वस्तूंचीच आहे : ताडपत्री, कनात, बांबू, तणस, मुरूम, दिवे.

मात्र या सगळ्याच्या आधीची एक पायरी आहे आणि ती यादीत मावत नाही. दिवाळीपूर्वी मंडळाची जी पहिली बैठक होते, तिथे गावातल्या निदान एका दिव्यांग स्त्रीला किंवा पुरुषाला सभासद म्हणून बोलवा. पाहुणा म्हणून नको, सत्काराला नको. तारीख, जागा, नाटक आणि तिकीट दर ठरवताना त्यांचं मत घ्या, आणि ते आपल्या सोयीविरुद्ध गेलं तरी ऐका. बैठक देवळाच्या उंच ओट्यावर होत असेल तर ती अंगणात घ्या, म्हणजे ते येऊ शकतील. त्यांच्याशिवाय त्यांच्यासाठी केलेली सोय अर्धवट राहते, कारण धुरा किती उंच वाटतो हे तो रोज ओलांडणाऱ्यालाच कळतं. मुर्रीत आणि आसपासच्या गावांत येत्या हंगामात अशा बैठका झाल्या, तर ‘सगळं गाव येतं’ हे वाक्य बोलण्याचा अधिकार आपण मिळवू. ही पुस्तिका त्या बैठकीत पानं दुमडून, खुणा करून, वाद घालत वापरली जावी, आणि तिच्यात जे चुकलं किंवा राहिलं आहे ते गावांनीच पुढच्या आवृत्तीसाठी लिहून पाठवावं.